काळ थांबवणारे आप्पा

लिफ्टचं दार मिटता मिटता आप्पांचा पाय मध्ये आला. पायात रबरी चप्पल, हातात कोथिंबिरीची जुडी. दार त्यांच्या पायाला टेकलं, मागे सरकलं, आणि आप्पांनी मला विचारलं, "टॉवरभाऊ, समजा आत्ता, ह्या मिनिटाला काळ थांबला. तुम्ही थांबले, मी थांबलो, कोथिंबीर थांबली. पन लिफ्टला कोन सांगनार?"

मला ऑफिसला उशीर होत होता. माझा काळ काही थांबलेला नव्हता. मी म्हणालो, "आप्पा, आधी पाय काढा."

"पाय काढतो हो. पन सांगा ना. दाराला डोळा हाय, त्याला पाय दिसतो म्हनून ते मागं जातं. काळच थांबला तर त्या डोळ्याला काय दिसंल?"

वॉचमन खालून ओरडला तेव्हा कुठे पाय निघाला. खाली येईपर्यंत मी त्यांना सांगितलं की काळ थांबला तर लिफ्टही थांबेल, तिला वेगळं सांगायला लागणार नाही. आप्पांनी ते नीट ऐकून घेतलं, माझ्या हाताला हात लावून नमस्कार केला, आणि कोथिंबीर घेऊन त्याच लिफ्टने परत वर गेले. म्हणजे मुळात ते बाहेरून नुकतेच वर आले होते, खाली जायचंच नव्हतं त्यांना.

गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये असा एकही माणूस उरलेला नाही, ज्याला आप्पांनी काळ थांबवून दाखवलेला नाही. दगाजी देवरे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे नामपूरचे. सगळी नोकरी बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारण्यात गेली. ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या रांगेतून चालत चालत भाव ओरडायचा, तोही शे-दोनशे माणसांच्या गलक्यावरून. त्यामुळे आवाज असा, की ते घरात "मीठ कुठंय" म्हणाले तरी पार्किंगमधली माणसं मान वर करतात. आता निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ कादंबरी लिहीत होते. तीही जादूची.

कादंबरीतल्या जादूगाराचं नाव विलंबनाथ. त्याने डाव्या हाताची करंगळी उचलली की नाशिक महापालिकेच्या हद्दीत काळ थांबतो. हद्दीतच का, असं मी विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "सुरुवातीला लहान धरावं. जमलं तर मग जिल्हा घेऊ."

जुन्या गोष्टींतल्या जादूगारांचं बरं होतं हो. त्यांनी काळ थांबवला की थांबून थांबून काय थांबणार? राजवाड्यातली मशाल, पागेतले घोडे, फार तर आचाऱ्याच्या हातातला झारा. सगळं निमूट उभं. आजच्या जादूगाराला गॅसवरचा कुकर, चार्जिंगला लावलेली स्कूटर, मोबाईल, कॅमेरे, बँक, सगळ्यांची समजूत घालत बसावं लागतं. आप्पांचं म्हणणं, जादूच्या गोष्टी लिहिणारे लोक इथे लबाडी करतात, मशीनचा विषयच काढत नाहीत. "मानसं थांबवनं सोपं हाय. मशीनला कोन सांगनार?"

या एका प्रश्नापायी त्यांनी नाशिकभर माणसांची डोकी खाल्ली. बँकेतल्या मुलीला विचारलं, "ताई, ओटीपी आल्यावर मी काळ थांबवला, तर तो शिळा होईल का ताजा राहील?" ती बिचारी घाबरून उठली आणि मॅनेजरला घेऊन आली. मॅनेजरने आप्पांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, सायबर फसवणुकीची सगळी माहिती सांगितली. आप्पांनी ती शांतपणे ऐकली आणि उठता उठता म्हणाले, "साहेब, समजा मी काळ उलटा फिरवला, तर तुमच्या लॉकरमधलं सोनं परत सोनाराकडं जाईल का?"

वायरमनला विचारलं, काळ उलटा फिरला तर लाईटचं मीटर उलटं फिरेल का. तो म्हणाला, "आप्पा, जमलं तर पहिलं माझ्या घरी फिरवा." जेवणाचं पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला जिन्यात अडवून विचारलं, "काळ थांबला तर तू थांबशील, का नकाशातला तुझा ठिपका थांबंल?" पोरगं म्हणालं, "काका, फाईव्ह स्टार द्या, मी कायपन थांबवतो."

सगळे हसायचे. मलाही हसायला हरकत नव्हती. पण मला हसू येत नसे, आणि त्याचं कारण म्हणजे मॅडम.

मॅडम म्हणजे आप्पांच्या पत्नी, सुशीला देवरे. हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. गंगापूर रोडवरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलीत आणि अजूनही त्या दिसल्या की शर्टाचं वरचं बटण लावतात. स्वतः आप्पाही त्यांना मॅडमच म्हणतात. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, डोकं तर पहिल्यासारखं लख्ख, पण वाचा गेली. मनात सगळं असतं, शब्द जिभेपर्यंत येता येता कुठेतरी हरवतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बोलत राहा, अडखळत का होईना. जे बोलाल ते परत येईल. जे बोलणार नाही ते गेलंच म्हणून समजा.

आणि मॅडमनी तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्यांच्या वाक्यातली काना-मात्रेची चूक ज्यांनी जन्मभर लाल पेनाने गोल केली, त्या स्वतःचा मोडका शब्द चारचौघांत कशा बाहेर काढणार? मानेने हो, मानेने नाही. बस्स. आप्पा सगळ्यांना सांगायचे, "मॅडम बोलत नाय हो. तिला लाज वाटते. असंच चाललं तर कायमचं बंद होईल." हे सांगताना मात्र त्यांचा लिलावाचा आवाज इतका खाली जायचा, की ऐकायला जवळ सरकावं लागे.

आता घरात हे असं, आणि हा गृहस्थ करंगळी उचलणारा विलंबनाथ रंगवत बसलेला. खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. अहो, बायकोपाशी बसा, तिच्याशी बोला, तिला बोलतं करा. ते सोडून लिफ्टमध्ये पाय काय घालता?

तरी मी अडकलोच. मोबाईल टॉवरची देखभाल हे माझं काम. आप्पांना हे कळलं त्या दिवसापासून मी सुनील उरलो नाही, टॉवरभाऊ झालो. एका रविवारी मिसळ खाऊ घालतो म्हणून घेऊन गेले आणि पहिल्याच घासाला प्रश्न, "विलंबनाथाने नाशिक थांबवलं. रेंजचं काय?"

आणि खोटं कशाला बोलू, तो किडा मलाही चावला. मी त्यांना सविस्तर समजावलं. म्हटलं, बघा आप्पा, अख्खं विश्व थांबवलं तर प्रश्नच मिटला, कुणाला पत्ताच लागणार नाही. कदाचित आपण तर्री मागितल्यापासून ते दोनदा थांबून पुन्हा सुरूही झालं असेल. खरी भानगड नुसतं नाशिक थांबवण्यात आहे. तिकडे सिन्नरला काळ चालू, इकडे बंद. शहरातले सगळे टॉवर एकदम मुके. पुण्यात आमच्या साहेबांच्या पडद्यावर सगळं लाल. साहेब मला फोन लावणार, आणि मी इथे पाव हातात धरून पुतळा. करंगळी खाली आली की सगळे फोन जागे होणार, पण त्यांची घड्याळं मागे पडलेली. ओटीपी शिळे. आणि नकाशाचं तर विचारूच नका. उपग्रह वरून नुसती वेळ सांगत असतात, फोन त्या वेळेवरून अंतर काढतो. घड्याळ जुळेपर्यंत गंगापूर रोडवरचा माणूस अरबी समुद्रात दिसायचा.

माझी मिसळ गार झाली. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "लय भारी. म्हंजे काळ थांबल्यावर मोबाईलला रेंज नसनार. नक्की?"

"नक्की."

"शंभर टक्के?"

"अहो, पगार घेतो मी त्याचा."

"मंग झालं काम," असं म्हणून त्यांनी खुशीत आणखी एक पाव मागवला. मलाही बरं वाटलं. साहित्यात आपलाही हातभार लागतोय असं काहीतरी.

आमच्या आणि त्यांच्या हॉलची भिंत एकच. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघत होतो, तर पलीकडून वाचन सुरू झालं. वाचन कसलं, लिलावच. "विलंबनाथाने उचलली करंगळी! अख्खं नाशिक गपगार! मंग त्यानं खिशातून काढला मोबाईल, बघतो तर काय, रेंज फुल्ल!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुल्ल? माझी मिसळ गार करून, शंभर टक्के वदवून घेऊन, फुल्ल? माझी बायको वैशाली पोळ्या लाटता लाटता हसत सुटली. म्हणाली, "तुझं नाव नाही ना घातलं त्यात? मग जाऊ दे."

जाऊ दिलं. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी कॅमेऱ्याचं विचारलं. मी सांगितलं की कॅमेराही थांबेल, चित्रात विलंबनाथ आत्ता इथे आणि पुढच्या क्षणाला एकदम तिथे दिसेल, मधलं काही दिसणारच नाही. त्यांनी लिहिलं, कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं, आवाजासकट. मग फ्रिज. मी म्हणालो, फ्रिजमधला काळच थांबला तर बर्फ वितळणार कसा? त्यांनी लिहिलं, आईस्क्रीमचं पाणी झालं आणि ते विलंबनाथाच्या धोतरावर सांडलं. मी दर वेळी बरोबर सांगायचं आणि या माणसाने दर वेळी न चुकता उलटं लिहायचं. एखाद्याला विषय कळत नाही हे मी समजू शकतो. पण इतक्या नेमाने न कळणं?

शेवटी एका रविवारी सकाळी मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. वैशाली नको नको म्हणत असताना शेजारची बेल दाबली.

आप्पांनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला खुर्चीवर ढकललंच. मॅडम खिडकीपाशी आरामखुर्चीत बसल्या होत्या, नीटनेटक्या, पदर पिनने लावलेला. आप्पा हातातले कागद सावरून पुन्हा सुरू झाले. विलंबनाथ या वेळी हद्द वाढवून लासलगावला गेला होता. लिलाव ऐन रंगात असताना त्याने करंगळी उचलली. व्यापारी थांबले, शेतकरी थांबले, वर फेकलेला कांदा हवेत थांबला. "आणि विलंबनाथाने नामपूरच्या बहिणीला लावला व्हिडिओ कॉल, म्हनला, बघ बाई कशी गंमत!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमची करंगळीशेजारची दोन बोटं खुर्चीच्या हातावर आपटली. टक टक.

"ना... ही."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय नाही?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. ओठ जुळले, सुटले. शब्द कुठेतरी आत दिसत होता, हाताला लागत नव्हता. मला राहवेना. मी "टॉव..." एवढं म्हणालो असेन नसेन, आप्पांनी माझ्या पायावर पाय दिला. तोच लिफ्टमधला पाय. कळवळलो मी. आप्पा ढिम्म. घाई नाही, मदत नाही, नुसता भोळा चेहरा करून बसलेले.

"टॉ... टॉवर पण... थांबला."

"टॉवर कसा थांबंल मॅडम? टॉवर काय मानूस हाय का?"

"वी... वीज. वीज... नाही. लहरी... नाही. कॉल... कसा?"

"अहो पन बहीन नामपूरला हाय ना! तिकडं काळ चालू हाय. तिकडनं लागंल."

"मूर्ख!" मॅडम म्हणाल्या. हा शब्द अजिबात अडखळला नाही. स्वच्छ, खणखणीत, जसा त्यांच्या वर्गातल्या पोरांनी ऐकला असेल तसा. आणि त्या रागाच्या भरात पुढचं वाक्यही सुटलं, "दोन्ही... टोकं... चालू... लागतात."

आप्पांनी दोन्ही हातांनी कान धरले. "चुकलं मॅडम. दुरुस्त करतो. चहा टाकतो आधी." आणि ते लगबगीने स्वयंपाकघरात गेले. मी लंगडत मागे.

ओट्यापाशी उभे राहून ते पंचाने डोळे पुसत होते. मला पाहून म्हणाले, "ऐकलं? 'दोन्ही टोकं चालू लागतात.' एवढं मोठं वाक्य! एवढं मोठं आजवर निघालं नव्हतं, टॉवरभाऊ."

मी भांडायला आलो होतो. आता गाळणी शोधून ओट्यावर ठेवली.

"लिलावात असं व्हायचं," आप्पा भांड्यात पाणी ओतत सांगू लागले. हळू आवाजात. "ट्रॉली उभी, माल चांगला, पन व्यापारी सगळे गप. कोनी आधी तोंड उघडायला तयार नाय. मंग मी मुद्दाम गाढवावानी भाव पुकारायचो. पार कचऱ्याचा. की लगेच शेतकरी खवळला, एक व्यापारी म्हनला आप्पाला येड लागलं, अन् दुसरा चिडून खरा भाव बोलून जायचा. चूक कानावर पडली की जानत्या मानसाला गप बसवत नाय."

"म्हणजे कादंबरी..."

"कादंबरी आधी खरीच लिहीत होतो. हौस हो. पहिल्या प्रकरनात विलंबनाथ थांबलेलं नाशिक बघत हिंडतो, ते तिला वाचून दाखवलं. कितीतरी दिवस तोंडातून शब्द नव्हता तिच्या. अन् एकदम बोट उचलून म्हनली, 'दिसेल... कसं?' मला कळंना. मंग म्हनली, 'उजेड... थांबला.' बरोबरच हाय ना! उजेडच जागेवर थांबला तर डोळ्यापर्यंत येनार कोन? ती चूक माझी अस्सल होती. त्यानंतरच्या सगळ्या मुद्दाम काढलेल्या."

"मग मला कशाला विचारत होतात?"

"अहो, चूक पक्की लागते! एकदा मी माझ्या मनानं कायतरी लिहिलं, अन् ते नेमकं बरोबर निघालं. मॅडम मान डोलवून गप. अख्खा दिवस फुकट गेला. तवापासून बरोबर काय ते आधी जानकाराकडून घेतो, मंग उलटं लिहितो. तुमच्याइतकं भरवशाचं कोनी नाय भेटलं." मग माझा दंड धरून म्हणाले, "तिला कळू देऊ नका, बरं का. कळलं तर पुन्हा तोंड मिटंल."

माझ्या शंभर टक्क्यांचं काय व्हायचं ते मला त्या ओट्यापाशी कळलं. अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. उलट, इतके दिवस भिंतीपलीकडून मी या माणसावर चडफडत होतो त्याचं वाईट वाटलं. आप्पांना आलं किसायला ठेवून मी बाहेर येऊन बसलो.

मॅडमनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटाने जवळ बोलावलं.

"सुनील," त्या म्हणाल्या. "ह्यांना... सगळं... येतं."

मी चमकलो. "काय येतं?"

"मुद्दाम... चुकतात." त्यांनी कागदांकडे बोट केलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. एखाद्या पोराने दुसऱ्याच्या वहीतून उतरवलंय हे माहीत असूनही त्याला पास करावं, तशा त्या दिसत होत्या.

"तुम्हाला माहितीये? मग तुम्ही..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. शब्द शोधायला लागल्या. बराच वेळ लागला. माझ्या जिभेवर दहा शब्द आले होते, पण आता मी शहाणा झालो होतो, गप्प बसलो.

"मी... गप्प... बसले की..." श्वास घेतला. "हे... बाथरूममध्ये... नळ सोडून... रडतात."

आत आलं किसल्याचा आवाज येत होता. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "सांगू... नको."

एकाने तिला सांगू नका म्हटलेलं, दुसरीने त्याला सांगू नको म्हटलेलं. मी मान हलवली आणि मला एकदम भरून आलं. जी बाई मोडका शब्द कुणासमोर काढत नव्हती, ती रोज सकाळी तो आप्पांसमोर काढत होती, लाज गिळून.

"काय म्हनत होती मॅडम?" आप्पा गाळणी हातात घेऊन दारात उभे. "आवाज ऐकला मी! तुमच्याशी बोलली? काय बोलली?"

मी खोटं बोलण्यात कच्चा. तोंडाला येईल ते बोललो. "चहाचं. साखर कमी टाका म्हणाल्या."

आप्पांच्या हातातून गाळणी पडली. "साखर? साखर म्हनली?"

"हो... म्हणजे..."

"अहो, साखर येत नाय तिला! डॉक्टरनी चित्रं दाखवली, मी डबा दाखवला, चमचा तिच्या हातात दिला. सगळं झालं, पन साखर काय निघंना." ते येऊन मॅडमच्या खुर्चीपाशी खाली बसले, म्हातारे गुडघे कुरकुरत. "मॅडम, म्हना ना एकदा. मी आत होतो. मला ऐकू नाय आलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत असतो तर त्या नजरेने मी वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो असतो. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. आता हा म्हातारा मान खाली घालून आत जाणार, आणि हे माझ्यामुळे, असं मनात आलं.

मॅडमनी डोळे मिटले. गळ्याची शीर ताठ झाली. ओठ उघडले, मिटले. "सा," म्हणाल्या, आणि थांबल्या. कपाळावर घाम आला. आप्पा तोंड उघडं ठेवून बघत होते, त्यांचेही ओठ हलत होते. पुन्हा "सा". मुठीत त्यांनी पदराचं टोक धरलं होतं, ते चुरगळून गेलं.

"साखर," मॅडम म्हणाल्या. आणि डोळे उघडून, सावकाश, "कमी."

आप्पा उठले, पडलेली गाळणी उचलली आणि आत गेले. मग स्वयंपाकघरातला नळ सुटला आणि बराच वेळ सुटलेलाच राहिला. मॅडमनी कपाळाला हात लावला. मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि आम्ही दोघं आवाज न करता हसत राहिलो.

चहा आला तेव्हा आप्पांचे डोळे लाल होते. आनंदाच्या भरात त्यांनी त्यात इतकी साखर घातली होती, की चमचा उभा राहिला असता. मॅडमनी पहिला घोट घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि आम्ही तिघांनी तो पाक तळापर्यंत संपवला.